अशक्य त्रिकोण : रेखाटन आणि विचार

कागद सपाट असतो; तरी मोजक्या रेघांतून आपल्याला त्यावर घर, पेटी, जिना दिसतो. डोळ्याच्या याच सवयीमुळे, कागदावर दिसणाऱ्या परंतु प्रत्यक्षात घडवता न येणाऱ्या आकृती संभवतात. त्यांपैकी अशक्य त्रिकोण ही आकृती आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

१९३४ साली स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड या तरुणाने नऊ घनांची अशी त्रिकोणी मांडणी रेखाटली. १९५८ मध्ये लायोनेल पेनरोज व त्यांचे पुत्र गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी अशा आकृतींचे शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले. त्याच त्रिकोणाच्या आधारे डच चित्रकार एशर यांनी १९६१ मध्ये ‘धबधबा’ हे चित्र रचले. त्यात खाली पडलेले पाणी वाहत वाहत पुन्हा माथ्यावर पोहोचते.

कृती अशी : ४ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण पेन्सिलीने हलक्या हाताने काढावा. त्याभोवती १ सेंटिमीटर अंतराने, बाजू समांतर ठेवून, आणखी दोन त्रिकोण काढावेत. आता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जात आतल्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू मधल्या त्रिकोणाच्या रेघेपर्यंत वाढवावी. मधल्याची प्रत्येक बाजू त्याच दिशेने बाहेरच्या रेघेपर्यंत न्यावी आणि तेथून समोरच्या बाजूस समांतर छोटी रेघ काढून बाहेरचे टोक छाटावे. आतली वाढवलेली रेघ मधल्या रेघेला जेथे मिळते, तेथून कोपऱ्यापर्यंतचा मधल्या रेघेचा तुकडा खोडावा. तीन सारखे, काटकोनासारखे वळलेले पट्टे उरतील. त्यांना तीन छटा द्याव्यात.

आता परीक्षण करू. कोणताही एक कोपरा झाकून पाहिल्यास उरलेली आकृती निर्दोष वाटते. प्रत्येक कोपऱ्यात दोन तुळया काटकोनात जुळलेल्या दिसतात. परंतु तीन काटकोनांची बेरीज २७० अंश होते आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तर १८० अंशच असते! ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात या त्रिकोणाचे मोठे शिल्प उभे आहे. ते ठरावीक जागेवरूनच अखंड दिसते. जागा बदलताच त्याची टोके जुळलेली नाहीत, हे उघड होते.

या आकृतीत एकही कोपरा चुकीचा नाही; चूक आहे ती त्यांच्या जुळणीत. म्हणून एखादे विधान तुकड्यातुकड्याने पटले, तरी ते समग्र तपासल्यावाचून स्वीकारू नये. ही सवय विद्यार्थ्यांच्या अंगी बाणावी, एवढीच आमची अपेक्षा.