जकात नाही, मग घोषणापत्र कशाला?

मुक्त बंदर म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना वाटते, जहाजातून माल उतरवावा आणि चालते व्हावे. विचारणारा कोणी नाही. वडील मंडळींची समजूतही याहून फार निराळी नसते. म्हणून हाँगकाँगचे उदाहरण घेऊ.

हाँगकाँग १८४१ पासून मुक्त बंदर आहे. मद्य, तंबाखू, खनिज तेले व मिथिल अल्कोहोल एवढ्या चारच जिनसांवर तेथे कर आहे. तरीही माल आल्यापासून किंवा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत व्यापाऱ्याला घोषणापत्र भरावे लागते. माल कोणता, किती, काय किमतीचा, कोठला, हे सारे त्यात येते. ही यातायात कशासाठी? एक तर यावरूनच सरकारची व्यापारी आकडेवारी तयार होते. दुसरे असे की, मुक्त म्हणजे जकातमुक्त, निर्बंधमुक्त नव्हे. तांदळाला परवाना लागतो, कच्च्या हिऱ्यांना किंबर्ली प्रमाणपत्र लागते.

दुधाच्या भुकटीची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. २००८ साली चीनमध्ये बालकांच्या भुकटीत मेलामिनची भेसळ उघडकीस आली. तिकडचे धास्तावलेले आईबाप हाँगकाँगमधून डबे नेऊ लागले, आणि तेथल्याच बालकांना डबा मिळेनासा झाला. तेव्हा १ मार्च २०१३ पासून परवान्यावाचून भुकटी बाहेर पाठविण्यास मनाई झाली, प्रवाशाला १.८ किलो, म्हणजे साधारण दोन डबे, एवढीच मुभा. आईबापांना दोष देववत नाही, पण निर्बंध आम्हांस रास्त वाटतो.

आता हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेडलिंक कंपनीने १९९७ पासून ही सेवा सुरू केली. ज्याच्यापाशी संगणक नाही, त्या लहान व्यापाऱ्याने सेवाकेंद्रात कागद द्यावा. तेथे त्याचा इलेक्ट्रॉनिक संदेश करून देतात. यंत्रे आणणाऱ्यांना गरिबाची अशी आठवण नेहमीच राहते असे नाही! सरकारी आकारही बेताचा आहे. २०१८ पासून एका घोषणापत्रास फार तर २०० हाँगकाँग डॉलर.

आपल्यापैकी वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींनी एवढे पाहून ठेवावे. रिकामा रकाना यंत्र दाखवील. खोटी किंमत ओळखीलच असे नाही. जाणूनबुजून चुकीची माहिती भरणे हा तेथे गुन्हा आहे. सुरत-मुंबईचे पैलू पाडलेले हिरे हाँगकाँगला जातात, तेव्हा इकडे शिपिंग बिल होते आणि तिकडे आयातीचे घोषणापत्र. वर्णन, वजन व किंमत दोन्हींत ताडून पाहावी, आणि मगच पाठवावे.