खिशात पुडी सापडली, तर...

पालकहो,

रात्री साडेअकराला अनोळखी नंबरावरून फोन येतो. “तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, पोलीस ठाण्यात या.” अपघात झाला असेल या भीतीनं आईबाबा धावत पोचतात, आणि तिथं कळतं की पोराच्या खिशात एमडीची पुडी सापडली आहे. ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पण आजच्या पुण्यात ती कोणत्याही घरावर येऊ शकते. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या एकाच तपासात पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली इथून मिळून दीड हजार किलोपेक्षा जास्त मेफेड्रोन, म्हणजे हेच एमडी, जप्त झालं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत ते चक्क कारखान्यात तयार होत होतं. इतका माल जवळपास बनत असेल, तर त्यातला काही आपल्या मुलांच्या कॉलेजपर्यंत पोचणारच. म्हणून तो फोन यायच्या आधीच तुमच्याशी बोलायचं आहे.

फौजदारी वकिलीच्या निमित्तानं शिवाजीनगरच्या न्यायालयात मी असे आईबाप पाहत आले आहे. त्यांच्या घरात अशा वेळी हमखास दोन आवाज उठतात. एक म्हणतो, “कितीही पैसे लागू देत, आज रात्रीच सोडवून आणा, बाहेर एक शब्द जाता कामा नये.” दुसरा म्हणतो, “सडू दे तुरुंगात, अद्दल घडेल.” दोन्ही आवाज दुखावलेल्या मायेचेच आहेत, पण त्या मुलाच्या उपयोगाचा त्यातला एकही नाही. प्रकरण दडपलं तर पोरगं आठवड्यात पुन्हा त्याच कट्ट्यावर जातं. आणि तुरुंगात अद्दल घडते म्हणावं, तर ऑक्टोबर 2023 आठवा. येरवडा कारागृहातून उपचारासाठी ससून रुग्णालयात आणलेला एक आरोपी कैद्यांच्या वॉर्डातूनच मेफेड्रोनचा धंदा चालवत होता, असा आरोप झाला, आणि 2 ऑक्टोबरला तो तिथून पळालाही. भिंतीमागं नशा पोचत नाही, या भरवशावर कुणी राहू नये. आधीच खच्चून भरलेल्या बराकीत विशीतला पोरगा कुणाच्या शेजारी झोपेल आणि कुणाचा नंबर घेऊन बाहेर येईल, याचाही विचार करा.

तिसरी वाट आहे, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो कडकच आहे. पण त्यात विकणारा आणि व्यसनात अडकलेला यांच्यात फरक केलेला आहे. कलम 27 नुसत्या सेवनाबद्दल आहे. पदार्थ कोणता यावर शिक्षा ठरते आणि ती जास्तीत जास्त एक वर्षाची असते. कलम 64-अ सांगतं की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं ते उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालवू नये. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. दोष सिद्ध झाला तरी कलम 39 आहे. न्यायाधीश मुलाचं वय, स्वभाव, पूर्वीचं वागणं आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीनं, त्याला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतात. त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावं लागतं आणि उपचारांचा काय परिणाम झाला याचा अहवाल एका वर्षाच्या आत कोर्टापुढे ठेवावा लागतो.

ही दोन्ही कलमं व्यसन जडलेल्यासाठी आहेत. मित्रांच्या नादानं पहिल्यांदाच चव घेणाऱ्या मुलाला ती कदाचित लागू होणार नाहीत. पण सेवनाच्या गुन्ह्यात 1958 च्या परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशनच्या, कायद्याचा आधार घेता येतो, हे वकिलाला आवर्जून विचारा. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

आता थोडं कठोर बोलते. अल्प प्रमाण म्हणजे गांजा 1 किलोपर्यंत, चरस 100 ग्रॅम, हेरॉइन 5 ग्रॅम आणि मेफेड्रोन फक्त 2 ग्रॅम. त्यापुढं गेलं की सवलतीचं दार बंद होऊ लागतं. “मी विकत नाही, सगळ्यांनी वर्गणी काढली आणि मी फक्त आणून दिलं,” असं मुलं अगदी निरागसपणे सांगतात. पण दुसऱ्याला आणून देणं हा कायद्याच्या नजरेत सेवनापेक्षा मोठा गुन्हा ठरू शकतो. भाड्याच्या फ्लॅटवर मित्रांना जाणूनबुजून नशा करू देणंही गुन्ह्यात येतं. हे तुमच्या मुलांना आजच सांगा, रागावून नव्हे, शेजारी बसून.

या वाटेवर सगळ्यात मोठा अडसर आपल्या शरमेचा असतो. एक आई आठवते. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून ती प्लास्टिकच्या पिशवीतून मुलाची गुणपत्रकं, पोहण्याच्या स्पर्धेची प्रमाणपत्रं, सोसायटीच्या सेक्रेटरींचं चारित्र्याचं पत्र काढून दाखवत होती. पिशवीच्या तळाशी, घडी घालून, मनोविकारतज्ज्ञांची काही महिन्यांपूर्वीची चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करावे. ती चिठ्ठी तिनं कुणालाच दाखवली नव्हती, नातेवाइकांना नाही आणि वकिलालाही नाही. त्या सगळ्या कागदांत मुलाच्या खऱ्या कामाचा कागद तेवढा एकच होता.

उपचारांसाठी लांब जावं लागत नाही. येरवड्यात कारागृह आहे, मनोरुग्णालय आहे आणि मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे. 1980 च्या दशकात ब्राउन शुगरनं, म्हणजे गर्दनं, घरंच्या घरं पोखरली. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मोठी देणगी देऊ केली, आणि मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी तिथल्याच आवारात मुक्तांगण सुरू केलं. गर्दुल्ला म्हणून ज्यांना दारातून हाकललं जात होतं, त्यांना तिथं पेशंट म्हटलं गेलं. पुढं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही नशेशी निगडित मानसिक अवस्थांना आजारांत धरलं. म्हणून आपल्या पोराला रोगी म्हणा, उपचार करा. नालायक म्हणून कुणाचं व्यसन सुटलेलं नाही.

उपचार म्हणजे काय, याची कल्पना मनात स्पष्ट असू द्या. आधी शरीरातलं विष उतरवणं. गर्द बंद झाल्यावर अंग मोडून येतं, झोप उडते, जुलाब-उलट्या होतात. या त्रासाला पेशंट ‘टर्की’ म्हणतात. एमडीचा त्रास बहुतेक मनाचा असतो, उदासी आणि पुन्हा घेण्याची अनावर ओढ. मग आठवडेच्या आठवडे गटात बसून बोलणं, समुपदेशन, दिनक्रम, आणि घरच्यांच्याही बैठका. डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो. मधे पाय घसरू शकतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. इथंही पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं.

“म्हणजे सगळे सुटणार का?” असं कुणी विचारेल. नाही. कारखाना टाकणारा, कॉलेजच्या दाराशी पुड्या विकणारा, शाळकरी पोरांच्या हातून माल पोचवणारा, यांना कायद्यानं धरावंच. पोलिसांचा वेळ आणि तुरुंगातली जागा त्यांच्यासाठीच लागते. नुसती नशा करणाऱ्यासाठी मात्र इतर देशांनीही वेगळी वाट काढली आहे. पोर्तुगालनं 2001 पासून स्वतःपुरती नशा बाळगणाऱ्याला फौजदारी कोर्टाऐवजी समितीपुढे बसवायला सुरुवात केली. अमेरिकेत मायामीला 1989 मध्ये असं न्यायालय सुरू झालं, जिथं न्यायाधीश स्वतः उपचारांवर लक्ष ठेवतात. आपल्याकडची कलमं जुनीच आहेत, फक्त ती मागणारं कुणीतरी लागतं.

ते मागणारे तुम्ही व्हा. ठाण्यात कुणाच्या हातात पाकीट ठेवू नका. वकिलापासून काही लपवू नका. डॉक्टरांचे सगळे कागद एका फाइलला लावा. पहिल्याच तारखेला उपचारांचा विषय काढायला सांगा. केंद्र निवडताना ते सरकारमान्य आहे का, तिथं डॉक्टर आहेत का आणि मारहाण होत नाही ना, हे स्वतः जाऊन बघा. मुलाशी बोला, कारण त्याच्या होकाराशिवाय हे पुढं सरकत नाही.

आणि पुडी सापडायची वाट कशाला बघायची? डोळे लाल दिसतात, पैसे हिशेबाला लागत नाहीत, रात्रीची झोप गेलीय, जुने मित्र तुटलेत, अशी शंका आली की 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावा. तो मोफत आहे. पोलिसांचा फोन येण्याआधी तुमचा फोन गेला, तर पोराला कोर्टाची पायरी बहुधा चढावीच लागणार नाही.