लेकराचे दुसरे वर्ष

ज्या आईबापांचे मूल नुकतेच वर्षाचे झाले आहे त्यांच्याकरिता, आणि विशेषतः ज्यांनी गाव सोडून नवी मुंबईत बिऱ्हाड केले आहे अशांकरिता हा पाठ लिहिला आहे. महाराष्ट्र सरकारने १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापिले, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर वसविण्यास आरंभ झाला. जेथे आगरी लोकांची भातशेते व मिठागरे होती आणि कोळ्यांच्या होड्या लागत, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. व त्या बांधावयास दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येतात. गावी मूल अंगणात रांगते, आजी ओसरीवर बसलेली असते, शेजारीण जातायेता त्यास हाक मारिते. शहरातील एका खोलीच्या बिऱ्हाडास अंगण नाही, आजी गावी राहिली, आणि आई सकाळीच कामावर जाते. तेव्हा दिवसभर या लेकराच्या हाकेस ओ कोण देणार?

हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. दुसऱ्या वर्षात मूल जे शिकते, ते बहुतेक सारे कोणी तरी त्यास ओ दिल्यानेच शिकते.

प्रथम शरीराचे पाहू. पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते. पुढे हा वेग मंदावतो व भूकही कमी झाल्यासारखी दिसते. मग आई घाबरते, दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळिते. वास्तविक त्या वयाची रीतच तशी आहे. मात्र दर महिन्यास वजन करून अंगणवाडीच्या तक्त्यावरील रेघ वर चढते की नाही, हे अवश्य पाहावे. मुलाचे पोट लहान, म्हणून दिवसातून तीनचार वेळा जेवण व मध्ये एकदोनदा काही खाऊ द्यावा, आणि दोन वर्षांपर्यंत, पुढेही इच्छा असल्यास, आईचे दूध चालू ठेवावे. मऊ भात व घट्ट वरण, नाचणीची खीर, दुधात कुसकरलेली भाकरी, अंडे, काटे काढलेली मासळी हे सर्व त्यास चालते. अख्खे शेंगदाणे किंवा चणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. चहात बुडविलेले बिस्कीट तर पुष्कळ घरांत मुलाची न्याहारीच होऊन बसले आहे. त्याने पोट भरल्यासारखे वाटते खरे, पण अन्नातील लोह अंगी लागण्यास चहा अडथळा करितो. टाळूवर तेल थापल्याने टाळू लवकर भरते, हाही एक समज आहे. ती बहुधा दीड वर्षाच्या सुमारास आपोआप भरते.

आता चालण्याविषयी. कोणी नवव्या महिन्यात पाऊल टाकितो, कोणी सतराव्यात. दोघेही निरोगी असू शकतात. शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्यास हात धरून ओढण्यात अर्थ नाही. हंगेरी देशातील एमी पिक्लर नावाच्या डॉक्टर बाईंनी १९४६ साली बुडापेस्ट येथे आईबापाविना राहिलेल्या बालकांसाठी एक गृह उघडिले. तेथे मुलांस टेकू देऊन बसवीत नसत, की बोट धरून चालवीत नसत. स्वच्छ जमीन व मोकळी जागा तेवढी देत. ती मुले आपापल्या वेळी उठली, बसली व चालली. आपला लाकडी पांगुळगाडा या दृष्टीने बरा, कारण मूल स्वतः उभे राहून तो ढकलिते. परंतु आता बाजारात जे चाकांचे गोल कडे मिळते, ज्याच्या मधोमध मुलास बसवितात, ते घेऊ नये. त्यात मूल एका क्षणात जिन्यापर्यंत किंवा चुलीपर्यंत जाते. कानडा देशाने अशा गाड्यांची विक्री २००४ सालापासून बंद केली आहे. आपल्याकडे मात्र ते वाढदिवसास भेट म्हणून देतात!

सर्वांत अधिक लक्ष देण्याची गोष्ट बोलण्याची होय. मूल बोलण्यापूर्वी समजू लागते. ते बोट दाखविते तेव्हा ते विचारीतच असते. त्या वेळी ‘हो रे बाळा, कावळा! काळा कावळा उडाला,’ एवढे कोणी म्हटले की त्याचा एक पाठ झाला. कोणीच काही म्हटले नाही, तर काही दिवसांनी ते बोट दाखविणेही सोडून देते. वर्षाच्या सुमारास एकदोन शब्द, आणि दोन वर्षांच्या सुमारास ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी, हा सामान्य क्रम आहे. भाषा घरचीच असावी. आगरी घरात आगरी, कोळ्यांच्या घरात कोळी, मराठवाड्याच्या घरात तिकडची. आईबापांस स्वतःस न येणाऱ्या इंग्रजीचे चार तुकडे मुलाच्या कानी घालून त्याची शाळेची तयारी होत नाही.

रडू नये म्हणून हातात मोबाईल देण्याची चाल खेड्यांतही पोहोचली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, एक वर्षाच्या मुलास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, व दोन वर्षांच्यास तासाहून अधिक नको. आणि या वयात दिवसाची झोप धरून अकरा ते चौदा तास निजू द्यावे. मोबाईल बोलतो पुष्कळ, पण मुलाच्या बोटाकडे पाहून ओ देत नाही. खेळण्यांस पैसा लागत नाही. वाटी, डब्याचे झाकण, पळी पुरे. पळी दहा वेळा खाली टाकिली तर तो खोडसाळपणा नव्हे; वस्तू पडते, आवाज होतो, आणि आई उचलून देते, हे ते पुन्हा पुन्हा ताडून पाहत असते.

परंतु ज्या आईस आठ तास विटा वाहावयाच्या आहेत तिने काय करावे? बहुधा आठदहा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या काखेत मूल दिले जाते. तिची शाळा सुटते, आणि तीही लेकरूच असल्याने धाकट्याची नीट निगाही होत नाही. ‘अंगणवाडी’ हे नाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावचे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने खेड्यातील बालकांसाठी काम आरंभिले. सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. परंतु अंगणवाडीत बसून शिकणे व ताजे जेवण हे तीन वर्षांवरील मुलांस. त्याखालच्यांस घरी न्यावयाचा शिधा, वजन व लस एवढेच मिळते. म्हणजे ज्या वयास कोणी सांभाळणारे सर्वांत अधिक पाहिजे, तेच वय बाहेर राहते. २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांस पाळणाघर जोडावयाचे ठरले आहे. आपल्या वस्तीत तसे आहे काय, हे अंगणवाडीताईंस विचारावे.

बांधकामावरील मुलांसाठी एक वाट १९६९ साली निघाली. दिल्लीत राजघाटाजवळ गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालले असता मजुरांची तान्ही मुले धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली, आणि तेथेच तंबूत पाळणाघर उघडिले. काम हलले की पाळणाघरही हलावयाचे, म्हणून ‘मोबाईल क्रेश’ हे नाव पडले. मुंबई व नवी मुंबईच्या बांधकामांवरही अशी पाळणाघरे चालत आली आहेत. पुढे १९९६ च्या कायद्यात, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास मालकाने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवावे, असे कलम घालण्यात आले. कामावर जाताना मुकादमास मजुरीबरोबर पाळणाघराचेही विचारावे. पाचसहा बायांनी मिळून विचारिले तर अधिक बरे.

आणि आई संध्याकाळी परतते, तेव्हा तिच्याजवळ वेळ थोडा असला तरी भाकरी थापताना, अंघोळ घालताना तोंड मोकळेच असते. ‘हे पीठ, हे पाणी, हा तुझा पाय’ असे ती बोलत राहिली तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. बापानेही बोलावे, ते काम केवळ बायकांचे नव्हे.

दीड वर्ष होऊनही मूल आधाराविना चालत नसेल, अर्थाचा एकही शब्द बोलत नसेल, बोट दाखवीत नसेल, हाक मारिता वळून पाहत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ असे म्हणून थांबू नये. गावी असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात व शहरात नागरी आरोग्य केंद्रात दाखवून कान तपासून घ्यावे. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची दुसरी लस टोचून घ्यावयाची असतेच. त्याच खेपेस हेही विचारिता येते. लसीचे कार्ड मात्र गावी पेटीत न ठेविता बरोबर न्यावे.