अभ्यासपाठ : नगराच्या रस्त्यांत वडील कोठें आहेत?

वाचावयाचा भाग : जखऱ्या ८:१-१७

पाठाचा हेतु : मोठ्या शहरांतील तरुणांच्या टोळ्यांचा हिंसाचार कशानें आवरतो, व त्यांत खेड्यांतील मंडळीचें काम कोणतें, हें समजून घेणें.



यरुशलेमेवर देवाची कृपा पुन्हां होईल तेव्हां तें नगर कसें दिसेल, हें सांगतांना जखऱ्या संदेष्टा प्रथम धनाचें किंवा तटबंदीचें वर्णन करीत नाहीं. काठी टेकून बसलेले म्हातारे व म्हाताऱ्या तो रस्त्यांत दाखवितो, आणि त्याच रस्त्यांत खेळणारे मुलगे व मुली दाखवितो. जेथें वडील बसतात, तेथें लेंकरें निर्भयपणें खेळतात. जेथून वडील निघून जातात, तेथें काय होतें? ह्यासाठीं अमेरिकेंतील बोस्टन शहराची हकीकत आपण पाहूं.

१. संकट

१९९० सालीं बोस्टनमध्यें १५२ खून झाले. मेलेल्यांत व मारणाऱ्यांत कोवळ्या वयाचीं पोरें पुष्कळ होतीं. गल्लीगल्लींत टोळ्या झाल्या होत्या. एका टोळीनें कोणास मारलें, कीं दुसरीनें सूड घ्यावा, असा क्रम चाले. १९९२ च्या मे महिन्यांत तेथील मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्यें एका तरुणाच्या अंत्यविधीची उपासना चालू होती. इतक्यांत टोळीचे लोक आंत शिरले, आणि उपासनेस आलेल्या एका मुलाला त्यांनीं मंदिरांतच सुऱ्यानें भोंसकलें. तेव्हां पुष्कळ पाळकांचे डोळे उघडले. आपण रस्त्याकडे गेलों नाहीं, म्हणून रस्ता आपल्याकडे आला, हें त्यांस कळलें.

२. पाळक रस्त्यावर

त्याच वर्षीं कांहीं पाळकांनीं ‘टेन पॉइंट कोअलिशन’ नांवाचा संघ स्थापिला, व ते रात्रीं उशिरापर्यंत त्या वस्त्यांतून पायीं फिरूं लागले. त्यांपैकीं पाळक जेफ्री ब्राउन ह्यांनीं पुढें सांगितलें आहे कीं, आरंभीं पोरें दुरून नुसतीं पाहत. हे लोक नेहमीं येणार, कीं दोन दिवस येऊन नाहींसे होणार, ह्याची तीं परीक्षा करीत होतीं. पाळकांनीं येणें सोडलें नाहीं, तेव्हां पोरें बोलूं लागलीं. शिकवावयास गेलेल्यांस आधीं ऐकावयास शिकावें लागलें.

३. धाक व दया

त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं पोलिसांबरोबर बसून टोळ्यांची मोजदाद केली. सुमारें ६१ टोळ्या व त्यांत सुमारें १,३०० जण निघाले. शहरांतील तरुणांत ते शेंकडा एकही नव्हते. परंतु तरुणांच्या खुनांपैकीं निदान शेंकडा ६० खुनांशीं त्यांचा संबंध होता. तेव्हां सर्व तरुण पिढी बिघडली, हें बोलणें खोटें ठरलें. बिघडलेले थोडे होते, व ते ओळखीचे होते.

१९९६ सालीं ‘ऑपरेशन सीझफायर’ ही योजना सुरू झाली. टोळीच्या तरुणांस सभेस बोलावीत व समक्ष सांगत : हत्या थांबली पाहिजे, तुमच्यांतील एकानें खून केल्यास सबंध टोळीवर कायद्याचा पूर्ण भार पडेल. परंतु ज्यास ही वाट सोडावयाची आहे, त्यास साहाय्य करावयास आम्ही येथेंच आहों. पोलीस, पाळक व वस्तींत हिंडणारे नगराचे कार्यकर्ते एकमुखानें हें सांगत. नुसत्या धाकानें मनुष्य कठोर होतो, व नुसत्या दयेचा तो उपहास करितो. येथें दोन्ही एकत्र होतीं.

४. फळ व इशारा

१९९९ सालीं खुनांची संख्या ३१ वर आली. त्या काळांत अमेरिकेंतील इतर शहरांतही खून घटले, म्हणून सर्व श्रेय ह्याच कामाला देणें योग्य नाहीं; तथापि बोस्टनमध्यें तरुणांचे खून फार झपाट्यानें उतरले, हें अभ्यासकांस आढळलें. पुढें २००० सालानंतर हें एकजुटीचें काम विसकटलें, आणि खून पुन्हां वाढले. शांति एकदां मिळवून पेटींत ठेवितां येत नाहीं. नांगरलेलें शेत एक पावसाळा पडीक राहिलें, तर त्यांत काय उगवतें हें तुम्हांस सांगावयास नको.

५. आपलें काम

बोस्टन दूर आहे, असें कोणी म्हणूं नये. २०२३ सालीं पुण्यांतील ‘कोयता गँग’ची वृत्तें आपण वर्तमानपत्रांत वाचलीं. पकडलेल्यांत अल्पवयीन मुलेंही होतीं. आमच्या गांवीं ज्या हत्यारानें ऊस तोडून कुटुंबाचें पोट भरतें, तेंच तेथें मनुष्यावर उगारलें गेलें.

येथें मला स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्या मंडळींतील एक मुलगा कामासाठीं शहरांत गेला. दोन वर्षें त्याची उपस्थिति नाहीं, म्हणून पटावरून त्याचें नांव मींच काढलें. त्यास पत्र पाठविलें नाहीं, कीं तेथील पाळकास कळविलें नाहीं. पुढें मारामारीच्या खटल्यांत तो सांपडला, तेव्हां त्याची आई मला म्हणाली, “पाळकसाहेब, त्यांच्या टोळीनें त्याला दर दिवशीं हांक मारली, आपण एकदां तरी मारली होती काय?” मजजवळ उत्तर नव्हतें.

म्हणून उपदेशकांनीं इतकें तरी करावें. गांव सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचें नांव वहींत लिहावें. महिन्यांतून एकदां त्यास फोन करावा. तो जेथें राहतो तेथील मंडळीस त्याचा पत्ता द्यावा. तो चुकून घरीं परतला, तर आधीं जेवावयास बसवावें व मग विचारपूस करावी. तथापि त्यानें कोणास इजा केली असेल, तर ती झांकूं नये. वेशींत सत्यानें न्याय करावा, अशी आज्ञा ह्याच अध्यायांत आहे.

विचारासाठीं प्रश्न

१. जखऱ्यानें वृद्ध व लेंकरें एकाच रस्त्यांत कां दाखविलीं?
२. धाक व दया ह्यांपैकीं एकच असल्यास काय बिघडतें?
३. आपल्या मंडळींतून शहरांत गेलेल्या किती मुलांचीं नांवें तुम्हांस आज सांगतां येतील? त्यांपैकीं एकास ह्या आठवड्यांत हांक मारा.