लेकराचा ‘फोटो’ काढण्याआधी

‘बाळाचा फोटो काढून आणा,’ असे डॉक्टर म्हणाले की आपल्या घरांत दोन तऱ्हा दिसतात. कुणी किरणांच्या भीतीने फोटो टाळतो, तर कुणी न सांगता, उसने पैसे घेऊन सीटी स्कॅन करून मोकळा होतो. दोन्हीत नुकसान लेकराचेच. म्हणून या तपासण्यांतला फरक आपण समजून घेऊ.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण वापरतात. माती, आकाश यांतून थोडे किरण आपल्याला रोज मिळतच असतात. छातीचा एक एक्स-रे म्हणजे त्यातल्या काही दिवसांइतके किरण. डोक्याचा सीटी मात्र काही महिन्यांइतका. वाढत्या वयात या किरणांचा परिणाम अधिक होतो आणि पुढे कर्करोगाची शक्यता किंचित वाढते. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक. दोन्हींत क्ष-किरण नसतात.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. मुलांच्या हाडांच्या टोकाला वाढीची जागा असते. फोटोत ती मोडल्यासारखी दिसू शकते. बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून तिच्यातून सोनोग्राफीने मेंदूही पाहता येतो. अपेंडिक्सची शंका असल्यास मुलांची बहुधा आधी सोनोग्राफीच करतात. मुलांचे रेडिओलॉजिस्ट हे सारे ओळखून तपासणी सुचवतात आणि मुलाच्या अंगकाठीप्रमाणे किरण कमी ठेवतात.

काही वेळा मात्र थांबू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप असेल, वजन घटत असेल, तर टीबीसाठी छातीचा फोटो सांगतील, तो काढावाच. खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला असेल तर तडक मोठे रुग्णालय गाठावे; अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही आतून जाळू शकतो. डोक्यावर पडल्यावर मूल बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या, झटके किंवा गुंगी आली, कानानाकातून रक्त वा पाणी आले, तरीही लगेच न्यावे. तिथे सीटी सांगितला तर मागे हटू नये.

घाई नसेल तेव्हा हे जरूर विचारा:

१. या तपासणीतून काय कळेल? त्याने उपचार बदलेल का?
२. सोनोग्राफीने भागेल का?
३. थोडे थांबून पाहता येईल का?
४. किरण मुलाच्या मापाने लावणार ना?

विचारताना संकोच नको. समजून घेणे हा आईबापांचा हक्क आहे.

तपासणीआधी चांदीचा करदोटा, वाळे काढून ठेवा. एक्स-रेच्या वेळी गरोदर बाईने मुलाला धरू नये. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा व दर वेळी सोबत न्या. जुना फोटो हाताशी असला, तर कधी कधी नवा काढावाच लागत नाही. लेकराचे किरण वाचतात आणि आपले पैसेही.