सुगरण नावाचा नर

किहीमला आमच्या वाडीच्या मागे भातशेती आहे. भातकापणीच्या दिवसांत पाखरांसाठी लावलेल्या जाळ्यात दोन सुगरणी अडकल्या. दोघींचेही पंख मुडपलेले. मी त्यांना पिंजऱ्यात ठेवले. अंगावर चिमणीसारख्या तपकिरी रेघा, आखूड शेपूट, जाड चोच. पिवळेपणा नावालाही नाही. वाडीत येणारे एक मामा बघून म्हणाले, "ताई, दोन्ही माद्याच. नराला पिवळी टोपी असते." मी विश्वास ठेवला. सुगरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाईमाणूसच येते.

पंख महिन्याभरात बरे झाले. तेव्हाच सोडायला हवे होते. पण लळा लागला होता.

एप्रिलअखेर एकीची चोच काळपट दिसू लागली, मग दुसरीचीही. मृग लागेपर्यंत दोन्ही डोकी पिवळीधमक झाली, गालांवर काळपट बुरखा आला. दोघेही नर! सावलीसाठी पिंजऱ्यावर टाकलेल्या झावळीच्या पात्याला ते चोचीने खाच पाडत, बारीक पट्टी ओढून काढत आणि तारेला गाठ मारत. एकाने बांधले की दुसरा येऊन उसवी. मला कौतुक वाटले, फोटोही काढले. माडावर अशी भांडणे झाली तर उडून जाता येते. पिंजऱ्यात कुठे जाणार? एका सकाळी एक तळाशी मरून पडलेला दिसला. डोक्यावरची पिसे उपटलेली होती. दुसऱ्याला मी त्याच दिवशी सोडले.

ही चूक किहीममध्ये व्हावी याची मला जास्त टोचणी आहे. 1930 च्या पावसाळ्यात पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी याच गावात सुगरणींचे निरीक्षण केले. खोपा विणतो तो नर. टोपीच्या आकाराचा अर्धा खोपा झाला की मादी येऊन तो पाहते. तिला पसंत पडला तर ती आत राहते आणि नर उरलेला विणून पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. 1931 साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. अर्धवट खोपे शोभेसाठी तोडून नेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे: ते टाकून दिलेले नसतात, अजून पसंतीची वाट पाहत असतात.

आता ओळखीबद्दल. पावसाळ्यात पिवळी टोपी, काळपट बुरखा आणि काळी चोच म्हणजे वयात आलेला नर. नर वयात यायला सुमारे दीड वर्ष लागते, त्यामुळे पावसाळ्यातही फिकट दिसणारे प्रत्येक पाखरू मादी नसते. विणीचा हंगाम सरला की नर पिवळा रंग टाकतो आणि मादीसारखाच दिसतो. दिवाळीनंतर कुणी छातीठोकपणे "मादीच आहे" म्हणाले तर मानू नका.

आणि ओळखता आले तरी पाळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे आपल्याकडचे रानपाखरू पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे; मला ते उशिरा कळले. जखमी पाखरू सापडले तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.