घराजवळचे शिकारी पक्षी व त्यांची ओळख

आपल्या नाशिक जिल्ह्यांत झडप घालणाऱ्या प्रत्येक पक्ष्यास घार अथवा ससाणा म्हणण्याची रीत आहे. आणि कोंबडीचें पिलूं नाहींसें झालें कीं जो समोर दिसेल त्यास गोफणीचा धोंडा बसतो. हा दोष मजकडूनहि घडला आहे. महसूल खात्यांत नोकरीस असतां एका रजेंत मीं गव्हाच्या बांधावरील बाभळीवरचें घरटें गड्याकडून पाडविलें. पक्षी पांढुरका, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. घरट्याखालीं उंदरांचे केंस व हाडें यांच्या गोळ्या पडल्या होत्या, कोंबडीचें पीस एकहि नव्हतें. ती कापशी होती. कापशी हवेंत एके जागीं पंख फडफडवीत थांबते व उंदीर दिसतांच पाय लोंबवीत खालीं उतरते. एका जोडप्यानें शेतांतले सारे उंदीर संपविले असते असें नाहीं. परंतु जे चाकर फुकट राबत होते त्यांस मींच घालवून दिलें.

घार ओळखण्यास सोपी: मोठी, तपकिरी, शेपटीस मध्यें खांच. पिलें हटकून उचलणारा दुसरा पक्षी म्हणजे शिक्रा. हा पारव्याएवढा, पाठीनें राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. चार वेळां पंख मारून तो तरंगत जातो व आंब्याच्या दाट फांदींत दडून बसतो. तथापि त्याचें बरेंच पोट सरडे, उंदीर व टोळ यांवरच भरतें.

शिक्रा दिसण्यापूर्वीं कानांस कळतो. तो बसलेला असल्यास खार शेपूट झटकीत चिरचिरते, साळुंक्या व बुलबुल भोंवतीं जमून कलकलाट करितात. तोच वेगानें खालून आला तर सर्व पांखरें कुंपणांत शिरून एकदम चूप होतात. ही शांतता ओळखावयास शिकावें. उंच फिरणाऱ्या घारीकडे चिमण्या फारसें लक्ष देत नाहींत. कोतवाल मात्र वरून चोंच मारीत तिला हांकून लावतो. हाच कोतवाल कधीं शिक्र्याची हुबेहूब नक्कल करून साळुंक्यांस पळवितो व त्यांचा किडा पटकावितो!

येथें एक फसगत सांगितली पाहिजे. मृगापूर्वीं ‘पेरते व्हा’ म्हणणारा आपला पावशा रंगानें व उडण्यानें शिक्र्यासारखाच दिसतो, म्हणून लहान पक्षी त्यासहि भितात. तो आपलीं अंडीं सातभाईच्या घरट्यांत घालतो. चोंच पाहावी; शिक्र्याची आंकड्यासारखी वांकडी, पावशाची बारीक.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यांस मारणें गुन्हा आहे. पिलें लहान असेतों डालीखालीं अगर झुडपांच्या आडोशास ठेवावीं. उंदरांस विष घातल्यास मेलेले उंदीर त्याच दिवशीं खोल पुरावे, नाहींतर ते घारीच्या पोटांत जातात.